कावळा वाचून घेतलेली दुर्बीण

काजूचा पहिला बोंडू पिकला की मला आधी त्याचा वास येतो, आणि वासापाठोपाठ शेवंतीची हाक. शेवंती म्हणजे माझी बायको.

"अवो, ती खिळ्यार नाय. खंय ठेवलात?"

ती म्हणजे आमची दुर्बीण. वर्षभर जनेलीशेजारच्या, म्हणजे खिडकीशेजारच्या, खिळ्यावर टांगलेली असते. मग मी शोधायला लागतो. पलंगाखाली बघतो, कणगीमागे बघतो, न्हाणीत बघतो. पावाच्या पिशवीतसुद्धा हात घालतो. शेवंती दारात उभी राहून माझा तमाशा बघते, आणि पुरती करमणूक झाली की सांगते, "आता जरा स्वतःच्या गळ्यात बघा."

असतेच गळ्यात. दरवर्षी. लांबचं जवळ दाखवणारी वस्तू घेतली, पण जवळचं दिसायची सोय तिच्यात नाही आणि माझ्यात तर जन्मापासून नाही.

हे अक्षर माझं नव्हे बरं का. मी बोलतो आणि माझी लेक लिहून घेते. चुका मात्र माझ्या. पोर्तुगीज गेले, गोव्याची मुक्ती झाली तेव्हा मी रांगत होतो. पुढे गावात इस्कोल आली, आणि मी नीट चालायला लागल्यावर पहिलं काम केलं ते इस्कोलीपासून लांब चालायचं. मास्तर मला धरायला यायचे तेव्हा मी फणसावर असायचो. मास्तर खालून म्हणायचे, "खाली उतर, तुला माणूस करतो." मी वरून म्हणायचो, "माकड बरा आसा, मास्तर." त्यांनी शेवटी ते मान्य केलं. मग मी डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवला. लाल मातीत इतका बसलो की पावसात भिजलो तर अंगणात ओहोळ तांबडा व्हायचा. राहायचो सर्वणला, सासुरवाडी कोरगावची, आणि ही गोष्ट कोरगावची.

गोष्ट तरी कसली, एका काजूच्या मोसमाची आठवण. पण तो मोसम माझ्या आत असा बसलाय की बाकीचे मोसम त्याच्या वासाने आठवतात. तुडवलेल्या बोंडवांचा तो आंबटगोड, डोक्यात चढणारा वास. दुपारी डोंगरावरून खाली येतो, घरात शिरतो, दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यांत शिरतो. आजही तो आला की मला सोनूमामा दिसतात, भिंतीकडे तोंड करून झोपलेले.

सोनूमामा म्हणजे शेवंतीचे वडील. त्या वर्षी मोसम सुरू व्हायच्या तोंडावर ते काजूच्या डोंगरावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खिळा ठोकला, घरी आणले. डॉक्टरने मला आणि मेव्हण्याला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल. पण आता उठून पाय टाकला तर टाकला. पाऊस पडेपर्यंत असेच पडून राहिले, तर मग कायमचेच पडून राहतील."

मामा उठेनात. चार पायांची लोखंडी काठी पलंगाशी उभी होती, तिच्यावर मामांचा टॉवेल वाळायचा. शेवंती वडिलांसाठी माहेरी येऊन राहिली होती. मेव्हणा सकाळीच तुयेच्या कारखान्यात जायचा. मी सुट्टीच्या दिवशी दोन बसगाड्या बदलून यायचो, मामांच्या उशाशी बसून पोट धरून हसावं असे विनोद सांगायचो आणि एकटाच हसायचो.

"बाबा, पेज घेवा," शेवंती म्हणायची.

"ठेव थंय."

"बाबा, आज वायच उठून बसया?"

"फाल्यां बघया."

उद्या बघू. ते उद्या भिंतीकडे तोंड करून असायचं.

दिवसभरात मामा एकच गोष्ट आपणहून विचारायचे. घरात कोणीही आलं, शेजारी, पोदेर म्हणजे पाववाला, भाजीवाली, कोणीही, की मान न वळवता विचारायचे, "बसली काय ती?"

ती म्हणजे ककणेरीण. पुस्तकात धनेश म्हणतात, आमच्याकडे ककणेर. काळी पाठ, पांढरं पोट, आणि चोच अशी, की एका चोचीवर देवाचं समाधान झालं नाही म्हणून वर अजून अर्धी ठेवली. घरासमोर मळी, म्हणजे भाताची सपाट जमीन. मळीपलीकडे मामांचा काजूचा डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं घोटिंग, बेहड्याचं झाड, आभाळाला टेकलेलं. त्याच्या खोडात वर एक ढोल, म्हणजे पोकळी. दरवर्षी काजूच्या मोसमात ककणेराची बायको त्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. एक चीर तेवढी ठेवते. नवरा बाहेरून फळं आणतो आणि चिरेतून भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत बाई आत, बापया बाहेर. मामांचा नेम होता, ककणेरीण बसल्याशिवाय कोळंबीत बोंडवं टाकायची नाहीत. कोळंबी म्हणजे बोंडवं तुडवायची दगडी कुंडी. ती बसली की मोसम बसला. गावात इतर लोक पंचांग बघायचे, मामा घोटिंग बघायचे.

आता विचारल्यावर सगळे म्हणायचे, "बसली, बसली. बरी बसली हा." आजारी माणसाला कोण नाही म्हणणार? पोदेराने तर सांगितलं की त्याने सायकलवरून तिला अंडी घालताना बघितली. मामा म्हणाले, "लिंपलेल्या ढोलीत? तुजी सायकल भितर गेल्ली काय?" आणि पुन्हा भिंतीकडे.

तेव्हा मी ठरवलं, आपण खरं बघून येऊ. गेलो मळी ओलांडून. झाडाखाली उभा राहिलो, मान मोडेपर्यंत वर बघितलं. चीर दिसली. चिरेत पिवळं काहीतरी हललं. मग पंखांचा तो आवाज आला, सुपातून भात पाखडल्यासारखा, आणि नर येऊन खोडाला चिकटला. धावत परत आलो, चप्पल मळीतच राहिली.

"मामानू, बसली! माझ्या डोळ्यांनी बघितलं. शप्पथ."

मामांनी पहिल्यांदा मान वळवली. माझ्याकडे बघितलं. एका पायात चिखल, दुसऱ्या पायात पण चिखल.

"कोणी बघितलान? तू?" ते म्हणाले. "जावयबापू, तू फाल्यां सांगशीत, ककणेरीण भितर बसान पाव-उंडे भाजता."

आणि भिंत.

जन्मभर मी थापा मारून लोकांना हसवलं. लग्नात, जत्रेत, ट्रकच्या रांगेत. त्या दिवशी माझ्याकडे आयुष्यातली एकमेव खरी बातमी होती आणि ती घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. रडायला येतं अशा वेळी. पण माझा चेहरा असा आहे की मी रडलो तरी लोकांना वाटतं नक्कल करतोय.

शेवंती रांधपात गेली, मी तिच्या मागोमाग. ती चुलीकडे बघत म्हणाली, "तेंका तेंच्या डोळ्यान दिसाक होया. दुसऱ्याचा सांगणा तेंका नको."

तिथून दुर्बीण डोक्यात शिरली. सर्वणला आमच्या मळ्यांत थंडीपासून पाणी आटेपर्यंत एक देसायबाई यायच्या, डिचोलीच्या हायस्कुलात शिकवायच्या. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, आणि बांधावर तासन्‌तास उभ्या. आम्हाला वाटायचं, जमिनीच्या मोजणीला आल्यात. मग कळलं, पाखरं बघतात. त्यांना विचारायला हवं होतं आधी. पण आधी विचारलं तर मी कसला?

आधी आम्ही देवाला विचारलं. आमच्याकडे रीतच आहे. घर बांधायचं, पोरीचं जमवायचं, रेडा विकायचा, देवळात जाऊन कौल घ्यायचा. गुरव देवाच्या पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि पाकळी उजवीकडून पडली तर देव हो म्हणाला. शेवंती म्हणाली, "देवाक इचारल्याबगर इतकी वस्तू घेव नकात." मी म्हटलं, विचारू.

गुरवाने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आज हो तुजो जावय दुर्बीण घेवक निगालो हा..."

आम्ही मागून, "होय म्हाराजा!"

"...तर मोठ्यातली मोठी, लांबातला लांब दिसता अशी घेतलान, तर सोनूच्या डोळ्याक ता झाड जवळ येतला काय, ता सांग म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

'मोठ्यातली मोठी' हे शब्द मी गुरवाच्या कानात घातलेले. पाकळी टपकन उजवीकडून पडली. मी शेवंतीकडे असं बघितलं की जणू पाकळी मीच पाडली.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो. मसाल्याच्या ओळीपलीकडे एकजण चादरीवर घड्याळं, टॉर्च, कातरी असलं मांडून बसायचा. त्याच्याकडे चार दुर्बिणी. मी ट्रकवाला. मला ठाऊक, जितकं इंजिन मोठं तितकी गाडी बरी. सगळ्यांत जड होती ती उचलली. तिच्यावर सोनेरी आकडे, पुढच्या काचा माणकासारख्या लालभडक. विकणारा म्हणाला, "वीस पट जवळ दिसतं, भाऊ. मिलिटरीची आहे." मी म्हटलं, "रणगाड्यावर लावायची?" तो म्हणाला, "हो, तीच." मी थापाड्या, पण त्याच्यापुढे मी बालवाडीत.

घरी आलो. सोहळाच केला. मामांना उशीला टेकवून अर्धवट बसवलं, जनेल सताड उघडली, दुर्बीण हातात दिली. तिच्या वजनाने मामांचे हात मांडीवर गेले. पुन्हा उचलून डोळ्यांना लावली. चष्म्यावर ती टकटक आपटत होती.

"दिसता?"

"दिसता."

"काय दिसता?"

"भूमिकंप."

म्हातारपणाचे हात, थरथर होतीच. वीस पट जवळ म्हणजे थरथर पण वीस पट. मी घेऊन बघितलं, तर माझे हात तरी कुठले स्थिर? खाणीच्या रस्त्यावर इतकी वर्षं स्टिअरिंग धरलेले. झाड थंडी भरल्यासारखं हुडहुडत होतं. दिसायचा तुकडा पण एवढासा, ताटाऐवजी वाटीतून जेवल्यासारखा. खोड दिसलं तर ढोल सापडेना, ढोल सापडली तर ती आमच्या घोटिंगाची आहे की पेडण्यातल्या दुसऱ्या कुठल्या झाडाची तेही कळेना. वर काचा बाहेरून लाल आणि आतून सगळा डोंगर शेवाळल्यासारखा हिरवट.

मामा पुन्हा आडवे झाले. भिंतीला म्हणाले, "पोरगो बऱ्या मनाचो हा. पण देवान भितर काय भरूक नाय."

मी तरातरा गुरवाकडे. म्हटलं, देवाने उजवा दिला होता, हे काय झालं? गुरव पान लावत होता. शांतपणे म्हणाला, "तू देवाक काय इचारलंस? झाड जवळ येतला काय. देवान हाडल्यान जवळ. थारावतला काय, असा खंय इचारलंस?"

खरंच होतं. माणसं देवाला जवळ आण, जवळ आण म्हणतात. स्थिर ठेव असं कोणी मागत नाही.

त्या रविवारी सर्वणला मळीच्या बांधावर देसायबाईंना गाठलं. ती तोफ त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्या हसतील म्हणून मी आधीच हसून ठेवलं. त्या हसल्या नाहीत. बांधावरच बसल्या आणि म्हणाल्या, "कोणासाठी घ्यायचीय ते आधी बघायचं. हात थरथरतात?"

"होय."

"चष्मा?"

"जाडो. बाटलीच्या बुडासारखो."

"मग आठ पट पुरे. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. पहिला किती पट जवळ, दुसरा पुढच्या काचेचं तोंड किती मोठं. आठ-चाळीस घ्या. आठ पट, आणि चाळीसचं तोंड."

"आठच? वीसाच्या फुडे आठ म्हणजे..."

"ट्रक चालवता ना? घाट चढताना टॉप गिअर टाकता?"

डोक्यात लख्ख झालं. बाईंनी मग त्यांची स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. मी घेतली आणि लावली. सगळं लांब गेलं. समोरची म्हैस मुंगीएवढी. बाई हळूच म्हणाल्या, "उलटी धरलीत." सुलटी धरली. आणि मग काय सांगू. पाण्यात एक ढोक उभा होता. त्याच्या डोळ्यात पिवळं कडं होतं. इतकी वर्षं हा माझ्या मळीत उभा, आणि त्याच्या डोळ्याला कडं आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याने मासा गिळला तर मासा गळ्यातून उतरताना दिसला. मी नकळत गिळलं.

बाईंनी खुणा सांगितल्या. मला लिहिता येत नाही म्हणून मी त्या बोटांच्या पेरांवर ठेवल्या आणि बसमध्ये घोकत गेलो. लाल काच नको, निळसर-जांभळट बरी. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की एकच चित्र दिसलं पाहिजे. दोन दिसली की डोकं दुखणार, सोडून द्यायची. डोळ्याकडची रबरं दुमडता आली पाहिजेत, म्हणजे चष्म्यासकट बघता येतं. मधलं चाक लोण्यासारखं फिरावं. कानाशी हलवून बघावी, आत काही खुळखुळलं तर ती दुर्बीण नव्हे, खुळखुळा. "आणि फार महाग नको," बाई म्हणाल्या. "महाग घेतलीत तर कपाटात ठेवाल. अशी घ्या की पडली तर जीव हळहळेल, पण जाणार नाही."

नवी घ्यायच्या आधी शेवंतीने पुन्हा देवळात नेलं. या वेळी गाऱ्हाण्यात काही सुटू दिलं नाही. गुरव म्हणाला, "पट आठ, म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "काच लाल नाय, म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "रबर दुमडता, म्हाराजा!" देवळात बसलेल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना दुर्बीण म्हणजे काय ठाऊक नव्हतं, त्याही जोरात होय म्हाराजा करत होत्या. "आणि सोनूक थारावून दिसूंदे, म्हाराजा!" इथे शेवंतीचा आवाज निघाला नाही. तिच्या वाटणीचं होय मी म्हटलं. पाकळीने बराच वेळ घेतला. मला वाटलं, देव पण विचार करतोय, या माणसाला परत काय सांगू. मग पडली. उजवीकडून.

चादरीवाल्याकडे गेलो नाही. म्हापशालाच एक जुनं चष्म्यांचं दुकान होतं, तिथे कपाटात खाली काही दुर्बिणी असायच्या. मालक म्हणाला, "समोरच्या बोर्डावरची बारीक अक्षरं वाचून बघा." आता बोर्ड मला वाचता येतो कुठे? पण बोर्डावर एक कावळा बसला होता. मी म्हटलं, आपण कावळा वाचू. एकेका दुर्बिणीतून वाचला. एकीत कावळा म्हणजे नुसतं काळं भोक. दुसरीत दोन कावळे, एकावर एक चढलेले. तिसरी लावली. चाक फिरवलं. कावळ्याच्या काळ्यात किती काळं आहे हो! मानेवर राखाडी, पंखावर निळी झाक, चोचीच्या मुळाशी बारीक केस. वाऱ्याने एक पीस उचललं गेलं आणि त्याने ते परत बसवलं. मी रबर दुमडलं, मालकाचाच चष्मा मागून घेतला, त्यातून बघितलं. मालक म्हणाला, "कसली परीक्षा चाललीय?" मी म्हटलं, "कावळो पास झालो." तीच घेतली. आठ-चाळीस. पट्टा जुना, एका बाजूला खरचटलेली, म्हणून परवडली.

कोरगावला पोचलो तर मामा तसेच. या वेळी सोहळा केला नाही. पलंगावर ठेवली आणि जनेलीशी जाऊन उभा राहिलो. शेवंतीने डोळ्यांनीच विचारलं, मी खांदे उडवले. बऱ्याच वेळाने मागे खुडबूड झाली. मामांनी कोपर छातीला टेकवून दुर्बीण धरली होती.

मी जनेलीतून बाजूला सरलो.

"थारावली," मामा म्हणाले.

मग सावकाश, एकेक झाड ओळखल्यासारखं, "ता खालचा काजू... तेची फांदी कोणी मोडली रे? ...तो आमचो गडगो... घोटिंग..." आणि थांबले. "ढोल दिसना नाय."

"दिसना नाय?"

"जनेलीचो गज आड येता. आणि फणसाची पानां."

मी जाऊन त्यांच्या डोक्याशी डोकं लावून बघितलं. खरंच. पलंगावरून झाडाचा शेंडा आणि बुंधा दिसायचा. मधला ढोलीचा भाग नेमका गजामागे आणि फणसामागे. इतकं सगळं विचारलं, देवाला, बाईंना, कावळ्याला. पलंगावर आडवं होऊन आधी एकदा बघावं, हे कोणाला सुचलं नाही. कोणाला म्हणजे मला.

मी म्हटलं, "फणसाची फांदी तोडतंय." कोयता घ्यायला वळलो तेवढ्यात डोंगरावरून तो आवाज आला. ककणेराचा हसल्यासारखा, खिदळल्यासारखा. नर आला होता. मामांनी दुर्बीण लावली, मान इकडे केली, तिकडे केली. गज काही हलेना.

"कोयतो ठेव," ते म्हणाले. "माका बल्कांवार व्हर."

बल्कांव म्हणजे दारापुढचा बसायचा कट्टा, तिथून मळीपार सगळं उघडं. पण पलंगापासून तिथपर्यंत मधे खोली, उंबरा, आणि इतके दिवस न टाकलेला पाय. शेवंतीने लोखंडी काठीवरचा टॉवेल ओढून काढला. मी एका बगलेत, ती दुसऱ्या. मामांनी पाय जमिनीला लावला आणि तोंडातून अशी शिवी काढली की ती लिहायला माझी लेक तयार नाही.

"धरलंस काय माका, का भात पेलतंस?"

"धरलंय, मामानू."

"मगे हसतंस कित्याक?"

मी हसत नव्हतो. सांगितलं ना, माझा चेहराच तसा.

उंबऱ्याशी ते थांबले. कपाळावर घाम. मला वाटलं, आता परत फिरतील. बाहेर पुन्हा पंखांचा आवाज झाला, सुपात पाखडल्यासारखा. मामांनी पाय उचलला आणि उंबऱ्यापलीकडे टाकला.

बल्कांवावर कदेल, हातांची खुर्ची, ठेवली होती, तिच्यात बसवलं. कोपरं कदेलीच्या हातांवर टेकली. आता दुर्बीण दगडावर ठेवल्यासारखी स्थिर. नर खोडाला शेपटी टेकवून बसला होता. शेवंती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी. काजूचा वास येत होता, मळीतून ऊन वर उठत होतं, आणि आम्ही दोघं झाडाकडे नव्हे, मामांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. नर गळ्यातून फळ वर आणायचा, चोचीच्या टोकावर धरायचा आणि चिरेत द्यायचा. एक दिलं की दुसरं. मामा प्रत्येक फळाला थोडं थोडं तोंड उघडत होते, पोराला भरवताना आई उघडते तसं.

"बसली हा," शेवटी ते म्हणाले. मग दुर्बीण खाली करून माझ्याकडे वळले. "बघलंस? तो घोव बायलेक भरयता. तू माज्या चेडवाक कधी कुलेरभर पेज तरी भरयलंस?"

शेवंती म्हणाली, "बाबा, तेणी भरयली तर अर्धी वाटेर सांडतली."

आणि बापलेक हसली. माझ्यावर. त्या दिवसाइतकं हसू मला कधी मिळालं नाही, आणि विनोद तर मी केलाच नव्हता. त्या संध्याकाळी मेव्हण्याने बोंडवं तुडवायला कोळंबी धुतली.

उरलेला मोसम दुर्बिणीभोवतीच गेला. नर यायची वेळ झाली की मामा आपणच पाय खाली सोडायचे. आधी आमच्या खांद्यावर, मग लोखंडी काठीवर, मग साध्या काठीवर. दुर्बिणीला नाव ठेवलं नाही, पण तिच्याशी बोलायचे. पट्ट्याला बोंडवांचा रस लागून मुंग्या यायच्या. डोळ्याकडचं रबर मी एकदा चुकून उलटं दुमडलं तर मला सगळ्या वाड्यासमोर, जावयबापू सोडून, नाव घेऊन हाक मारली. पोदेर उंडे द्यायला आला की त्यालाही एक नजर मिळायची. पोदेर म्हणाला, "सांगितलं नव्हतं मी, बसलीय म्हणून?" मामा म्हणाले, "आता अंडी घालताना बघ."

ती वीस पटीची तोफ अजून आहे. लेक लहान असताना तिला उलटी धरून द्यायचो. उलट्या बाजूने बघितलं तर मी लांब आणि लहान दिसतो. ती म्हणायची, "बाबा, असे बरे दिसता." मोठ्या वस्तूचा तेवढा उपयोग झाला.

कधी कधी वाटतं, ती साधी आठ-चाळीस होती म्हणून झालं. झाड पार हातात आणून ठेवलं असतं तर मामा पलंगावरच राहिले असते. ती जवळ आणत होती, पण पुरतं नाही. उरलेलं अंतर आपलं आपण चालायचं होतं. असं मी देसायबाईंना म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे छान बोललात." मी घाबरून लगेच एक विनोद सांगितला.

पावसाच्या तोंडावर आभाळ डोंगरावर उतरलं होतं. त्या सकाळी चीर फुटलेली दिसली. लिंपण गळून पडलेलं, ढोलीचं तोंड उघडं. मामांनी बघितलं आणि दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली.

"तू हंयसून बघ," म्हणाले आणि काठी घेतली.

"खंय चललात?"

"बघून येतंय."

"मामानू, मी येतंय वांगडा—"

"तू बस. थंय येवन थापा मारशीत."

शेवंती दारात आली. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली: जाऊ दे. मामा पायऱ्या उतरले. मळीच्या बांधावर लागले. मी दुर्बीण लावली.

पाखरांसाठी घेतलेली वस्तू, आणि मी तिच्यातून एका म्हाताऱ्याची पाठ बघत होतो. बनियनवरचं घामाचं ठिगळ, काठी टेकायच्या आधी जमीन चाचपणारा हात, मधेच थांबून आभाळाकडे बघणं. बांध अरुंद होता तिथे ते डुलले आणि माझा पाय इथे बल्कांवावर पुढे पडला. मग ते सावरले. गडग्याशी, म्हणजे डोंगराच्या दगडी कुंपणाशी पोचले, गडग्याची फट ओलांडली. चित्र थरथरायला लागलं. मी काच पुसली. चाक फिरवलं. दुर्बीण बरी होती. कावळा पास झालेली, देवाने उजवा दिलेली. थरथरत होतो तो मी.

मामा घोटिंगाला पोचले. काठी खोडाला टेकून ठेवली, दोन्ही हात खोडावर ठेवले, आणि मान वर केली. वर फांदीवर एक पिल्लू बसलं होतं, चोच अजून मोठी व्हायची, पंख कसे मिटायचे ते न कळल्यासारखं. शेवंतीने माझ्या गळ्यातला पट्टा ओढला, "माका बघूंदे," पण मी सोडेना.

तेवढ्यात मामा वळले. बल्कांवाकडे, आमच्याकडे बघितलं, हात वर केला आणि ओरडून काहीतरी बोलले. एवढ्या लांबून शब्द कुठला येतोय? वारा उलटा, ककणेरांचा कल्ला. पण आठ पट जवळ त्यांचे ओठ होते.

मला एकही अक्षर येत नाही. फणसावर बसून इस्कोल घालवली. पण मामा काय म्हणाले ते मी त्या दिवशी घडाघडा वाचलं.

"काय म्हणतत?" शेवंतीने विचारलं.

"म्हणतत, ये हंयसर, गाढवा."

आणि मी गेलो. दोन्ही चपला मळीतच राहिल्या.